रांबाम : स्वतःला पदवी न लावणारे गुरू

रेश, मेम, बेत, मेम. हिब्रूतली ही चार अक्षरे जोडली की रांबाम हे नाव होते. हैफाच्या मोठ्या रुग्णालयाला हे नाव आहे, इस्राएलमधल्या अनेक गावांत या नावाचा रस्ता आहे, आणि ज्यांनी 1986 नंतरच्या काळात एक शेकेलची कागदी नोट हाताळली आहे त्यांना तिच्यावरचा पागोटे घातलेला दाढीवाला चेहराही आठवत असेल. तो चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला आहे, कारण रांबाम यांचे त्यांच्या हयातीतले चित्र कोठेही नाही. नाव मात्र खरे आहे. पहिले रेश म्हणजे रब्बी, मग मेम म्हणजे मोशे, बेत म्हणजे बेन, आणि शेवटचे मेम म्हणजे मैमोन. रब्बी मोशे बेन मैमोन. म्हणजे त्यांचे नाव उच्चारायचे तर आधी त्यांची पदवी उच्चारावीच लागते. हे त्यांना कितपत आवडले असते, हा प्रश्नच आहे, कारण पदव्यांविषयी त्यांची मते फार कडक होती.

त्यांचा जन्म स्पेनमधील कोर्दोबा शहरात झाला. परंपरेने सांगितलेला दिवस पेसाहच्या आदल्या दिवसाचा, म्हणजे कोकणातली जुनी माणसे ज्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत त्या सणाच्या तोंडावरचा. जुन्या पुस्तकांत साल 1135 दिलेले असते. पण 1168 मध्ये मिश्नावरचे भाष्य पुरे करताना त्यांनी आपले वय तीस असल्याचे लिहून ठेवले आहे, त्यावरून 1138 हे साल अधिक बरोबर ठरते. वडील मैमोन हे दय्यान होते, म्हणजे यहुदी न्यायसभेचे न्यायाधीश. आजोबा विद्वान, पणजोबा दय्यान. घरात पैशापेक्षा पोथ्यांचा संचय मोठा.

मोशे दहा वर्षांचे असताना, 1148 मध्ये, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद राजवटीने कोर्दोबा घेतले. नव्या राज्यकर्त्यांनी यहुदी आणि ख्रिस्ती लोकांपुढे धर्म बदला किंवा देश सोडा, नाहीतर मरा, असा पेच टाकला. मैमोन यांनी कुटुंब उचलले. पुढची कित्येक वर्षे ते स्पेनमध्ये गावोगाव फिरत राहिले. 1160 च्या सुमारास मोरोक्कोतील फेझ येथे पोचले, पण तेथेही तीच राजवट होती. 1165 मध्ये ते जहाजाने निघाले, वाटेत वादळात जवळजवळ बुडता बुडता वाचले आणि अक्कोच्या बंदराला लागले. यरुशलाईम आणि हेब्रोनचे दर्शन घेतले. त्या वेळी तो मुलूख क्रुसेडर सैन्यांच्या हातात होता, यहुद्यांची वस्ती तुरळक आणि गरीब होती. शेवटी हे कुटुंब इजिप्तमध्ये आले आणि कैरोशेजारच्या फुस्तात या जुन्या शहरात स्थिरावले.

या सगळ्या पळापळीत मोशे लिहीत होते. तेविसाव्या वर्षी त्यांनी मिश्नावरचे भाष्य हाती घेतले आणि काही भाग रस्त्यात, काही भाग जहाजावर लिहून सात वर्षांनी संपवले. या भाष्याच्या प्रस्तावनेत त्यांनी जुन्या गुरूंच्या पदव्यांचा उलगडा केला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पिर्के आवोत वाचणाऱ्याच्या हे लक्षात आले असेल की तेथे सगळ्या गुरूंची नावे एकाच प्रकारे येत नाहीत. कोणी रब्बी आहेत, जसे रब्बी अकिवा, रब्बी मेईर. कोणी रब्बान आहेत, जसे रब्बान गाम्लिएल, रब्बान योहानान बेन झक्काय. आणि हिल्लेल, शम्माय, शमाया, अव्ताल्योन ही नावे नुसतीच येतात. रब्बी म्हणजे माझे गुरू. ही पदवी एरेत्स इस्राएलमध्ये रीतसर समीखा मिळालेल्या, म्हणजे गुरूने अधिकार सोपवलेल्या शिष्याला मिळे. बाबेलमध्ये ती समीखा देता येत नसे, म्हणून तेथील विद्वानांना नुसते राव म्हणत. रब्बान म्हणजे आमचे गुरू, आणि तो मान सान्हेद्रिनच्या प्रमुखाच्या दर्जाच्या व्यक्तीसाठी राखून ठेवलेला होता.

मग हिल्लेल यांना काहीच का नाही? एखाद्या मुलाला वाटेल की ते सर्वांत खालच्या पायरीवर असतील. रांबाम यांचे उत्तर नेमके उलटे आहे. जे सर्वांत थोर, त्यांच्या योग्यतेची पदवीच सापडत नाही, म्हणून त्यांचे नाव उघडे राहते. संदेष्ट्यांच्या नावाआधीही कोणी काही लावत नाही. हा विचार रांबाम यांच्याही आधीचा आहे, बाबेलच्या गाओनांनी तो सांगितलेला होता. पण तिशीतल्या या तरुणाने तो नुसता नोंदवला नाही, तो पाळलाही. भाष्य संपवताना त्यांनी शेवटी आपली वंशावळ दिली आहे. वडिलांना रब्बी आणि दय्यान, आजोबांना रब्बी आणि हाखाम, त्यांच्या वरच्या पूर्वजांना दय्यान, एकाला राव, अशा सात पिढ्या प्रत्येकाच्या मानासह लिहिल्या आहेत. त्या ओळीच्या सुरुवातीला स्वतःचे नाव आहे, नुसते मोशे.

याच भाष्यात पदव्यांविषयीची त्यांची दुसरी, अधिक बोचणारी भूमिका आहे. आवोतच्या चौथ्या अध्यायात तोरा ही कुदळीसारखी पोट भरण्यासाठी वापरू नये अशा अर्थाचा उपदेश आहे. रांबाम यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. त्यांच्या काळी बगदादच्या येशिवांचे प्रमुख गाओन म्हणवून घेत आणि त्यांच्या येशिवांसाठी देशोदेशींच्या यहुद्यांकडून पैसा गोळा होई. हाताखालच्या लोकांनाही लांबलचक मानाच्या पदव्या वाटल्या जात. रांबाम यांनी लिहिले की हिल्लेल लाकडे तोडून पोट भरत होते, कार्ना नावाचे दय्यान पाणी ओढण्याचे काम करत होते, आणि यांपैकी कोणी नुसता हात पुढे केला असता तर लोकांनी त्यांचे घर सोन्याने भरले असते. त्यांनी हात पुढे केला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी रांबाम यांनी सरळच म्हटले आहे की मोठी पदवी मिरवणारे सगळेच विद्वान नसतात, काहींना तर एक दिवसाच्या विद्यार्थ्याइतकेही येत नाही. अशा लिखाणाने शत्रू होतात याची त्यांना कल्पना होती, आणि तसे शत्रू त्यांना मिळालेही.

मात्र विद्वानाला कोणीच मदत करू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्याचे भांडवल एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या व्यापारात घालावे आणि नफा त्याला द्यावा, हे त्यांना मान्य होते. त्यांच्या स्वतःच्या घरात तीच व्यवस्था होती. धाकटा भाऊ दावीद हिऱ्यामाणकांचा व्यापार करी आणि मोशे त्याच्या आधारावर निश्चिंतपणे अभ्यास करत.

कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या गनिझामध्ये, म्हणजे फाटके पवित्र कागद ठेवण्याच्या खोलीत, दावीदने भावाला लिहिलेले एक पत्र सापडले आणि ते आज केंब्रिजच्या विद्यापीठात आहे. ते 1170 च्या आसपासचे असावे. दावीद तांड्याची सोबत न घेता, एकाच सोबत्याबरोबर वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला होता. तेथे घेण्याजोगा माल मिळाला नाही, म्हणून त्याने हिंदुस्थानला जायचे ठरवले. पत्रात तो भावाला काळजी न करण्याविषयी विनवतो, घरच्या बायकामाणसांना धीर द्यायला सांगतो. दावीद हिंदी महासागरात जहाजासह बुडाला. त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा, मोशे यांचा आणि इतर लोकांचाही पैसा गेला. मागे विधवा आणि एक लहान मुलगी राहिली.

मोशे अंथरुणाला खिळले. जवळजवळ वर्षभर ताप, अंगावर फोड आणि मनाचा अंधार. आठ वर्षांनंतर अक्कोतील एका ओळखीच्या दय्यानाला लिहिताना ते सांगतात की दावीद त्यांच्या मांडीवर वाढला, तो त्यांचा भाऊही होता आणि शिष्यही, आणि त्याच्या हस्ताक्षरातला एखादा कागद समोर आला की अजून काळीज उलटते. एवढ्या कठोर तर्काचा माणूस, पण या पत्रात तर्क कोठेच नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना दावीद हे नाव आणि हिंदुस्थानची वाट यांनी एक दुसरे नाव आठवेल, दावीद राहाबी. परंपरा सांगते की राहाबी यांनी कोकणात विखुरलेल्या या शनिवार तेल्यांना ओळखले, शमा आणि प्रार्थना शिकवल्या आणि झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील तरुणांना तयार केले. ते काजी झाले. रब्बी नसलेल्या समाजात लग्न, सुंता आणि तंटे पाहणारा तोच. काजी हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ न्यायाधीश, म्हणजे मैमोन यांच्या दय्यान या पदवीचाच अरबी जोडीदार. नावे सारखी म्हणून दोन दावीद एकच होते असे कोणी समजू नये. मोशे यांचा भाऊ समुद्रातच राहिला.

घरात आता मिळवणारे कोणी नव्हते. फुस्तातच्या यहुद्यांमध्ये मोशे यांचे नाव एव्हाना मोठे झाले होते. 1168 मध्ये क्रुसेडर सैन्याने बिल्बेस शहर घेऊन तेथील यहुद्यांना कैद केले तेव्हा खंडणी भरून त्यांना सोडवण्यासाठी गावोगाव वर्गणी जमवण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले होते. त्यांनी रब्बी म्हणून वेतन मागितले असते तर समाजाने आनंदाने दिले असते. पण काही वर्षांपूर्वीच त्यांनी जे लिहिले होते ते आता स्वतःवर आले होते. त्यांनी वैद्यकी पत्करली. फेझमध्ये असताना त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केलेला होता, तो उपयोगी पडला.

पुढे सुलतान सलाहुद्दीनच्या वजिराने त्यांना आपले वैद्य नेमले. हा वजीर इतिहासात त्याच्या पदवीनेच ओळखला जातो, अल-काझी अल-फाझिल, म्हणजे गुणवंत काजी. सलाहुद्दीननंतर त्याच्या मोठ्या मुलाच्या, अल-अफ्दलच्या दरबारातही ते वैद्य होते. इजिप्तच्या यहुद्यांचे प्रमुख, अरबीत रईस अल-यहूद, हे पदही त्यांच्याकडे आले. पण तोरा शिकवण्याचे, धर्मप्रश्नांची उत्तरे देण्याचे काम त्यांनी कायम फुकट केले.

1199 मध्ये प्रोव्हान्समधून शमुएल इब्न तिब्बोन यांनी भेटीला येण्याची इच्छा कळवली. त्यांना लिहिलेल्या उत्तरात रांबाम आपल्या दिवसाचा हिशेब देतात. रोज सकाळी फुस्तातहून कैरोला दरबारात जायचे. तेथे कोणी आजारी असेल तर दिवस तिकडेच जायचा. नसेल तर दुपारनंतर घरी यायचे, तेव्हा भूक लागलेली आणि ओसरी माणसांनी भरलेली. त्यांत मुसलमान आणि यहुदी, मोठे आणि सामान्य, मित्र आणि शत्रू सगळे. जनावरावरून उतरून हात धुवायचे, लोकांकडे थोडा वेळ मागून दिवसातले एकमेव जेवण घ्यायचे आणि मग रात्र होईपर्यंत रुग्ण तपासायचे. कधी कधी थकव्याने आडवे पडूनच औषध सांगायचे. शब्बाथला मंडळी जमत, त्यांना आठवड्याच्या कामाविषयी सांगायचे, थोडे शिकवायचे. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा हा दिवस. या परिस्थितीत पाहुण्याला शिकवायला एक तासही मिळणार नाही, असे त्यांनी इब्न तिब्बोन यांना स्पष्ट कळवले.

यातच मोठे ग्रंथ झाले. मिश्ने तोरा हा सगळ्या यहुदी कायद्याचा चौदा पुस्तकांचा संग्रह त्यांनी दहा वर्षे खपून 1180 च्या सुमारास पुरा केला. भाषा साधी, मिश्नासारखी हिब्रू, म्हणजे कोणालाही वाचता यावी अशी. त्यात त्यांनी एक धाडस केले. कोणता नियम कोणत्या गुरूने सांगितला याची नावे त्यांनी प्रत्येक ठिकाणी दिली नाहीत, निवाडा तेवढा ठेवला. यावर प्रोव्हान्सचे रब्बी आव्राहाम बेन दावीद, म्हणजे रावाद, यांनी फार कडक टीका केली. नाव आणि आधार दिल्याशिवाय वाचकाने विश्वास का ठेवावा, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता, आणि पुढच्या शतकांत कित्येक विद्वानांना ते आधार शोधून काढण्यातच आयुष्य घालवावे लागले. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात मिश्ने तोराच्या एका भागाचे हस्तलिखित आहे, त्याच्या शेवटी रांबाम यांच्या हातची ओळ आहे. ही प्रत माझ्या पुस्तकावरून तपासली, एवढाच मजकूर, आणि खाली सही, मोशे, रब्बी मैमोन यांचा मुलगा. वडिलांना रब्बी आहे, स्वतःला नाही.

1190 च्या सुमारास मोरे नेवुखीम हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ झाला. तो अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिला होता. त्यावरून त्यांच्या मृत्यूनंतर यहुदी समाजात मोठी भांडणे झाली, 1230 च्या दशकात फ्रान्समध्ये तो जाळलाही गेला. त्यांची तेरा तत्त्वे मात्र सिदूरातल्या यिग्दल या गीताचा आधार झाली आणि घरोघर पोचली.

स्वतःसाठी पदवी न घेणारा हा माणूस दुसऱ्याला मान देताना हात आखडत नसे. ओवादिया नावाच्या एका धर्मांतरित गृहस्थाने त्यांना विचारले की मी जन्माने यहुदी नाही, तर प्रार्थनेत आमच्या पूर्वजांचा देव असे म्हणू का? ओवादिया यांना त्यांच्या गुरूने एका वादात मूर्ख म्हणून हिणवलेही होते. रांबाम यांनी उत्तराच्या सुरुवातीलाच त्यांना मारना वेरब्बाना म्हटले, म्हणजे आमचे स्वामी आणि गुरू. मग सांगितले की प्रत्येक शब्द जसा आहे तसाच म्हणा, आव्राहाम तुमचेही पिता आहेत. आणि त्या गुरूविषयी लिहिले की त्याने ओवादिया यांची क्षमा मागावी. आपण पुरते यहुदी आहोत हे 1960 च्या दशकात ज्या बेने इस्राएल ज्येष्ठांना यरुशलाईमच्या रस्त्यावर बसून सांगावे लागले, त्यांनी हे पत्र मुलांना वाचून दाखवावे.

हिंदुस्थानच्या यहुद्यांचा उल्लेख रांबाम यांच्या एका पत्रात आहे. आयुष्याच्या अखेरीस प्रोव्हान्समधील ल्युनेलच्या विद्वानांना लिहिताना ते दूरच्या समाजांची स्थिती सांगतात आणि म्हणतात की हिंदुस्थानात जे यहुदी आहेत त्यांना लिखित तोरा माहीत नाही, ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढेच. कोणत्या किनाऱ्यावरचे लोक, हे पत्रात नाही. ते कोकणाविषयी असेल असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि ते वर्णन शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना लागू पडते खरे. रांबाम यांनी ही नोंद खेदाने केली होती. पण गुरूशिवाय आणि पोथीशिवाय जे टिकले ते शब्बाथ आणि सुंता होते, हेही त्याच वाक्यातून कळते.

लोकांनी मात्र त्यांचे ऐकले नाही. येमेनच्या यहुद्यांवर धर्म बदलण्याची सक्ती झाली तेव्हा, 1172 च्या सुमारास, त्यांनी धीराचे पत्र पाठवले होते. त्या कृतज्ञतेने येमेनी यहुदी त्यांच्या हयातीतच कद्दीशमध्ये राब्बेनू मोशे म्हणून त्यांचे नाव घेऊ लागले. राब्बेनू म्हणजे आमचे गुरू, तोराच्या मोशेला लावतो तोच शब्द. कोणी त्यांना नेशेर हागादोल, म्हणजे मोठा गरुड म्हटले. त्या मोशेपासून या मोशेपर्यंत असा दुसरा झाला नाही, अशी म्हण पडली. आणि रेश हे अक्षर तर नावालाच चिकटले. रब्ब्यांनी वेतन घेऊ नये हा त्यांचा आग्रहही टिकला नाही. 16व्या शतकात त्सफातच्या रब्बी योसेफ कारो यांनी मिश्ने तोरावरच्या आपल्याच टीकेत दाखवले की विद्वानांना वेतन दिले नाही तर तोरा शिकवणारे उरणार नाहीत. आज बहुतेक समाज कारो यांच्या मताने चालतात, आणि ते व्यवहाराला धरून आहे.

एका बाबतीत मात्र त्यांच्या शब्दाने मोठी खळबळ उडवली. जुनी समीखा कित्येक शतकांपूर्वी खंडित झाली होती, आजच्या रब्बींची पदवी ही तीच परंपरा नव्हे. रांबाम यांनी लिहिले होते की एरेत्स इस्राएलमधील सगळे विद्वान एकमत झाले तर ती पुन्हा सुरू करता येईल. 1538 मध्ये त्सफातच्या विद्वानांनी या वाक्याच्या आधारे रब्बी याकोव बेराव यांना समीखा दिली. यरुशलाईमच्या विद्वानांनी विरोध केला आणि तो प्रयत्न काही वर्षांत विरून गेला.

20 तेवेत, म्हणजे 13 डिसेंबर 1204 रोजी फुस्तातमध्ये रांबाम यांचे निधन झाले. मुलगा आव्राहाम तेव्हा अठराच्या आसपासचा होता, तो पुढे इजिप्तच्या यहुद्यांचा नागीद झाला. परंपरेप्रमाणे त्यांचे शव तिबेरियाला नेऊन पुरण्यात आले. आज तेथे चौदा पुस्तकांच्या आठवणीचे खांब वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत आणि कबरीवर उंच लाल लोखंडी सांगाडा आहे. त्याच आवारात काही पावलांवर रब्बान योहानान बेन झक्काय यांची कबर आहे. लोक आधी एका ठिकाणी थांबतात, मग दुसऱ्या.